पुस्तक नि भोंगा

तोंडवळकरांच्या घरात अक्कल कमी होती असं कुणी म्हणू नये. अक्कल भरपूर होती. पण वडील अप्पा गेल्यावर जमिनीबरोबर तीही तीन ठिकाणी वाटली गेली, आणि तिन्ही वाटे एकत्र आणायचे म्हणजे आधी भांडण, मग जेवण आणि मग पुन्हा भांडण, असा घराचा रिवाज पडून गेला होता.

एकसष्ट सालच्या जानेवारीतल्या त्या बुधवारी तिघे भाऊ एका खळ्यात उभे राहिले ते काही प्रेम उतू जात होतं म्हणून नव्हे. रत्नागिरीचा मोटार इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मालवणात येणार होता. अप्पांचा ट्रक त्याच्यापुढे आपल्या पायांनी चालत आला तर ठीक, नाहीतर नंबर कायमचा रद्द, असं सरकारी पत्र आलं होतं. आणि नेमके आत्ताच ट्रकला बरे दिवस आले होते. खाडीवरच्या पुलाचं काम निघालं होतं आणि चिरे वाहायला कंत्राटदाराला गाड्या मिळत नव्हत्या. ज्या ट्रकमध्ये सहा वर्षं कोंबड्यांनी संसार केला त्याची आठवण दोघा थोरल्या भावांना एकाच आठवड्यात झाली, ती काही अप्पांच्या मायेपोटी नव्हे.

त्या ट्रकची वाटणी आचरा गावात अजून हसून सांगतात. लढाईतला अमेरिकन ट्रक तो. अप्पांनी सत्तेचाळीस साली लष्कराच्या लिलावात घेतला आणि आठ वर्षं त्यातून सुकी मासळी घाटावर नेली. अप्पा गेल्यावर पंच बसले. पंच म्हणजे गावातले तीन शहाणे, ज्यांच्या स्वतःच्या घरच्या वाटण्या कोर्टात पडून होत्या. त्यांनी न्याय केला तो असा: इंजिन थोरल्या हरिश्चंद्राला, सांगाडा, ॲक्सल, चाकं आणि केबिन मधल्या सत्यवानाला. धाकटा सहदेव राहिला, पण गाडीचं काही राहिलं नव्हतं. तेव्हा एक पंच म्हणाला, "तेका इंग्रजी येता. तेका पुस्तक देवा." गाडीबरोबर आलेलं कंपनीचं दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक सहदेवाच्या हातात ठेवण्यात आलं. वाटा जरा हलका दिसतो असं कुणाला तरी वाटलं, म्हणून वर भोंगा दिला. वाटणीपत्रातही तसंच लिहिलं: पुस्तक एक, भोंगा एक.

हरिश्चंद्राने इंजिनावर भाताची गिरण काढली. सत्यवानाने मागचा ॲक्सल चाकांसकट सोडवून त्यावर बैलगाडीचा साटा चढवला आणि अमेरिकेच्या लोखंडाला बैल जुंपले. सहदेव दिवसभर पोस्टात शिक्के मारी आणि संध्याकाळी घरी येऊन पुस्तक वाची. त्याच्या नखांत कधी ग्रीस गेलं नाही, एवढ्या एका गोष्टीवर दोघे भाऊ सहा वर्षं हसले.

गेले पंधरा दिवस दोघांनी गिरण बंद ठेवून, कोंबड्या हाकलून आणि बैल मोकळे सोडून गाडी पुन्हा जोडली होती. सहदेवाला कुणी विचारलं नव्हतं. बुधवारी सकाळी मात्र खळ्यातून हाक आली.

"सहदेवा, पुस्तक घेवन ये. नि तो भोंगो पण."

सहदेव धावतच आला. त्याच्या हातात सुतळीने बांधलेल्या तीन जाड वह्या होत्या. मागून त्याची बायको पद्मावती भोंगा घेऊन आली आणि पडवीच्या खांबाशी उभी राहिली.

"ह्या काय?" हरिश्चंद्राने वह्यांकडे बघून विचारलं.

"पुस्तकच, भाई. सगळा मराठीत केलंय. पयल्या वहीत इंजिन, दुसऱ्या वहीत गिअर नि ॲक्सल, तिसऱ्या वहीत ब्रेक. खंय अडला ता सांग, मी वाचून दाखवतंय."

"अडला?" हरिश्चंद्र सत्यवानाकडे बघून हसला. "आयकलंस? माका अडला म्हणता. रे मेल्या, सहा वर्सां ता इंजिन माझ्या हाताखाली चलता. तेका खोकलो झालो तरी माका बिछान्यात कळता. माका पुस्तक वाचूचा नाय. पूजेक ठेवूचा आसा. नारळ ठेवूचो, गाऱ्हाणा घालूचा, बाजूक गाडयेची वस्तू नको? ह्यो शाळेतल्यो वह्यो मी देवापुढे मांडू?"

हरिश्चंद्र देवळातला मानकरी. गाऱ्हाणं घालण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता, आणि हे त्याला फार माहीत होतं.

"खरा पुस्तक खंय आसा?" त्याने विचारलं.

सहदेवाने पद्मावतीकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"आरोंद्याक."

"थंय काय करता ता?"

"रामचंद्र नायकाक दिलंय. अठ्ठावन सालात."

पद्मावतीला ते साल कुणी सांगायला नको होतं. ऐन आषाढात तिला विषमज्वर झाला होता. सहदेव आधी सत्यवानाच्या दारात गेला आणि कुडाळच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडी मागितली. सत्यवान म्हणाला, बैल दमलेत. मग तो हरिश्चंद्राकडे गेला. हरिश्चंद्र म्हणाला, उतरेल ताप, गाऱ्हाणं घालतो. शेवटी तिच्या माहेरच्या गावचा रामचंद्र नाईक नारळ भरायला आचऱ्यात आला होता, त्याने नारळ तिथेच उतरवून तिला आपल्या ट्रकमध्ये घातलं. त्याचा ट्रकही त्याच लिलावातला, त्याच जातीचा. पैसे द्यायला गेले तर घेईना. एवढंच म्हणाला, "माझी गाडी सदाची आजारी. तुझ्याकडे कंपनीचा पुस्तक आसा, ता माका दी." सहदेवाने तीन महिने मागून घेतले. तीन महिने शब्दकोश मांडीवर घेऊन तो चारशे पानं उतरत बसला. कागद रॉकेलात भिजवून आरपार दिसेल असा करी आणि त्यावरून चित्रं गिरवी. लिहिलेलं रोज तिला वाचून दाखवी. ती अंथरुणाला खिळलेली. ऐकण्यावाचून तिला दुसरं काम नव्हतं. मग एक दिवस त्याने पुस्तक कापडात बांधून आरोंद्याला पोचतं केलं.

"म्हणजे तू वाटो विकलंस," हरिश्चंद्र म्हणाला.

"विकूक नाय. दिलंय."

"दिलो काय नि विकलो काय, तुझ्याकडे ऱ्हवलो नाय मां? वाटणीपत्रात पुस्तक लिवला हा. वह्यो लिवलेल्यो नाय. पुस्तक नाय तर वाटो नाय. काय रे सत्यवाना?"

सत्यवान हा जगातल्या बहुतेक वादांत ऐन वेळी खोकणारा माणूस. पण तिसऱ्या हिश्श्यापेक्षा अर्धा हिस्सा मोठा असतो हे कळायला त्याला खोकावं लागलं नाही.

"भाई म्हणता ता कायद्याचा आसा," तो म्हणाला. "बायलेसाठी वाटो घालवलो, तर ती बायल हाच तेचो वाटो. आमी काय तिच्यात हिस्सो मागतंव?"

खळ्याच्या दगडी गडग्यापलीकडून बघणारे हसले. सहदेवही कसंनुसं हसला, आणि पद्मावतीला त्या क्षणी दोन्ही जावांपेक्षा आणि दोन्ही दिरांपेक्षा आपल्या नवऱ्याचा जास्त राग आला. मारणाऱ्याचं एक वेळ समजता येतं. हा मार खाऊन वर आभार मानायला तयार.

"भोंगो तेवढो ठेव थंय," हरिश्चंद्र तिच्याकडे न बघता म्हणाला. "इन्स्पेक्टर पयलो भोंगोच वाजवन बघता."

वाटा नाही, पण वाट्यातला भोंगा हवा. पद्मावतीने तो खळ्याच्या मधोमध ठेवला आणि ती मागे सरली.

पडवीत आनंदीबाई पान जुळवत बसली होती. तिघांची आई. तिला तिन्ही मुलगे नीट माहीत होते आणि त्यामुळे कुणाचंच कौतुक नव्हतं. थोरला स्वतःला देवाचा मुखत्यार समजतो, मधला वारा येईल तिकडे शीड फिरवतो आणि धाकटा चांगला आहे, पण चांगला असून उपयोग काय, असं ती शेजारणींना सांगे. आता बोलावं असं तिच्या तोंडाशी आलं होतं. पण ती हरिश्चंद्राच्या चुलीवरचं जेवत होती. तिने ते पानाबरोबर गिळलं.

पूजा पुस्तकावाचून झाली. हरिश्चंद्राने ट्रकच्या नाकावर हळद-कुंकू लावलं, नारळ हातात धरला आणि डोळे मिटून आवाज लावला.

"बा देवा रामेश्वरा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," जमलेले म्हणाले.

"आज तुझी ही लेकरां, हरिश्चंद्र नि सत्यवान, आपल्या बापाशीची गाडी आपल्या कष्टान उभी करून तुझ्या पायाशी इली हत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या गाडयेत ह्या दोघांका यश दी. कोणाचो वाकडो डोळो लागलो असात, कोण पोटात जळत असात, तर तेचा तोंड बंद कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांबरोबर सहदेवही म्हणाला. लहानपणापासूनची सवय. आपल्याला वगळणाऱ्या गाऱ्हाण्याला हा माणूस होकार भरतो आहे, हे त्याला शेवटचं 'म्हाराजा' म्हणून झाल्यावर कळलं. पद्मावती घरात निघून गेली.

नारळ फुटला. सत्यवानाने पुढे हँडल घालून चार फेरे मारले आणि पाचव्या फेऱ्याला इंजिन असं काही सुरू झालं, की गडग्यावर बसलेल्यांनी सुद्धा टाळ्या वाजवल्या. हे मान्य करायला हवं. इंजिन हरिश्चंद्राचंच होतं आणि ते झकास बोलत होतं. तो केबिनमध्ये चढला, टोपी सारखी केली, आईकडे बघितलं आणि पहिला गिअर टाकला.

गाडी मागे गेली.

लोकांना वाटलं, गिअर चुकला. हरिश्चंद्रालाही तसंच वाटलं. त्याने दांडा नीट बघितला, जोर लावून पुन्हा पहिल्यात घातला आणि गाडी आणखी मागे गेली. मग त्याने असं काही केलं, जे फक्त स्वतःवर फार विश्वास असलेला माणूसच करू शकतो. पहिल्यात मागे जाते तर दुसऱ्यात पुढे जाईल, असा विचार करून त्याने दुसरा टाकला. ट्रक दुप्पट वेगाने मागे गेला आणि सत्यवानाच्या गोठ्याची भिंत घेऊन थांबला.

"भाई," गडग्यावरून कुणीतरी म्हणालं, "मालवण पुढे आसा. मागे कणकवली."

"रिव्हर्स टाक, रिव्हर्स," सत्यवान ओरडत होता.

रिव्हर्स टाकल्यावर गाडी मुंगीच्या पावलाने पुढे आली. म्हणजे ट्रकला पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला चार. लढाईत असा ट्रक कुणी वापरला असता, तर लढाई लवकर संपली असती. गडग्यावर हसून हसून माणसं खाली बसली. हरिश्चंद्र उतरला आणि गाडीखाली गेला. मग वर आला, पुन्हा खाली गेला. त्याने इंजिनाला कान लावला. इंजिन निरोगी होतं. ज्याला फक्त इंजिनच कळतं त्याची अशा वेळी पंचाईत होते.

"रिव्हर्समदीच जावया काय मालवणाक?" सत्यवानाने विचारलं.

हरिश्चंद्राने त्याला शिवी दिली. पण शिवी देण्याआधी त्याने त्यावर थोडा विचार केला होता, हे आनंदीबाईने पडवीतून पाहिलं.

जेवणं झाली. दुपार कलायला लागली तरी गाडी होती तिथेच होती. सहदेव घरात वही उघडून बसला होता. त्याला केव्हाच कळलं होतं.

"तुमका म्हायत आसा मां?" पद्मावतीने विचारलं.

"दुसरी वही, पान एकशेबारा."

"मगे आज तोंड उघडू नकात. हात जोडतंय तुमका. सहा वर्सां मी ह्या खळ्यात मान खाली घालून पाणी भरतंय. आमच्या चेडवाक शाळेत पोरां भोंगो म्हणान हाक मारतत. वाटो कबूल केल्याशिवाय एक अक्षर सांगू नकात. माका पैशे नको. गाडयेत वाटो असलो तर ह्या घरात आमका माणूस म्हणतीत."

तेवढ्यात सत्यवान दारात आला. त्याचा गोठा पडला होता, दोन्ही म्हशी रस्त्यावर होत्या आणि बायको सकाळपासून बोलत नव्हती. अर्ध्या ट्रकची गोडी तेवढ्याने बरीच कमी झाली होती.

"सहदेवा, चल रे. काय आसा ता सांग. तुझ्या वाट्याक माझी मान्यता आसा."

"सकाळी कायदो वेगळो हुतो," पद्मावती आतून, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली.

"सकाळी गोठो पण हुतो," सत्यवान म्हणाला.

"भाईन म्हणाक व्हया," सहदेव म्हणाला.

खळ्यात हरिश्चंद्र ट्रकच्या पायरीवर बसला होता. कोपरापर्यंत ग्रीस, तोंडावर वैताग. लोक पांगले नव्हते. आचऱ्यात कामं भरपूर असतात, पण मानकऱ्याची फजिती रोज बघायला मिळत नाही. सत्यवानाने त्याच्या कानाशी काहीतरी सांगितलं. हरिश्चंद्राने समोरच्या माडाकडे तोंड फिरवलं.

"बरा बाबा. तुझो तिसरो वाटो," तो माडालाच म्हणाला. "बोल लवकर."

आता इथे दुसरा कुणी असता तर त्याने कागद मागितला असता, निदान शब्द दोनदा वदवून घेतला असता. पण सहा वर्षांत सहदेवाला कुणीतरी पहिल्यांदाच काही विचारलं होतं. त्या आनंदाने तो सैल झाला. दुसरी वही उघडून तो गुरुजींसारखा समजावू लागला.

"दादान बैलगाडयेचो साटो बसवताना ॲक्सल पालथो केलो हुतो. परत लावताना तसोच पालथो लागलो. मधल्या गोळ्यात मोठा दातऱ्याचा चाक आसता, ता आता उलट्या बाजूक गेला. म्हणान पुढचे सगळे गिअर मागे जातत. ही बघ आकृती. पुस्तकात खाली काळ्या अक्षरात इशारो दिलेलो आसा. ॲक्सल सुलटो करा, काम झाला."

हरिश्चंद्र आकृतीकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सकाळचं तेज परत आलं.

"इतक्याच?" तो म्हणाला.

त्याच्यामागून पडवीत आलेल्या पद्मावतीने खांबाला डोकं टेकलं. गेला, तिच्या मनात आलं. वाटा गेला.

माणसं लागली, माडाची ओंडकी लागली, आणि अडीच-तीन तासांत ॲक्सल सुलटा झाला. दिवस मावळायच्या आत हरिश्चंद्राने पहिला गिअर टाकला आणि गाडी पुढे गेली. खळ्याला वळसा घालून, भोंगा वाजवत, ती देवचाराच्या वडापर्यंत जाऊन परत आली. सत्यवान शेजारी बसला होता आणि हात बाहेर काढून लोकांना दाखवत होता. गोठ्याचं दुःख विसरला होता.

"भाई," सहदेव पुढे झाला, "वाट्याचा तेवढा आयेसमोर सांगून टाक."

"कसलो वाटो?" हरिश्चंद्र केबिनमधूनच म्हणाला. "आता तू नाय सांगलं असतंस तरी रात्रीपर्यंत माका ता गावलाच असता. इतक्या एका गोष्टीक तिसरो वाटो? उद्या वाट सांगणाऱ्याक पण वाटो देवचो? वाटणीपत्रात पुस्तक लिवला हा, ता तुझ्याकडे नाय. संपला."

"दादा?" सहदेवाने सत्यवानाकडे पाहिलं.

सत्यवान खोकला. "भाई म्हणता ता पण खरा आसा," तो म्हणाला. गाडी चालू होती आणि अर्धा वाटा पुन्हा तिसऱ्यापेक्षा मोठा झाला होता.

सहदेवाला रडू येत होतं, आणि लोकांसमोर येऊ नये म्हणून तो हातातल्या वहीची सुतळी बांधायला लागला. ती त्याला बांधता येईना.

"आये," हरिश्चंद्राने पडवीकडे बघून हाक मारली. "नवा लुगडा काढून ठेव. पूल नाय, वळसो घालून जावचा आसा, पाचाक निघूया. तू पुढे बस माझ्या बाजूक. अप्पा नाय, तू तरी बघ."

आनंदीबाईला ट्रकमध्ये पुढे बसायची हौस होतीच. ती उठायला लागली. तेवढ्यात पद्मावती तिच्याजवळ आली. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढून घेतला होता आणि हातात तिसरी वही होती. दिरांशी ती कधी थेट बोलली नव्हती. आताही बोलली नाही.

"आये," ती सासूला म्हणाली, पण गडग्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "ब्रेकात काय घातला हा, ता जरा विचारा."

"काय घातलंस रे ब्रेकात?" आनंदीबाईने विचारलं.

"तेल," सत्यवान म्हणाला. "कंपनीचा मालवणात मिळूक नाय. घरचा खोबरेल घातलंय, निवळ, घाण्यावरचा. आताच बघितलंय मां, ब्रेक कसो लागता तो?"

"आता उन्हान गाडी तापली हा," पद्मावती सासूला म्हणाली. "उद्या पाचाक निघतत. पौषातलो काळोख आसतलो नि गार."

पुढचं खळ्यातल्या कुणाला सांगायची गरज नव्हती. केसांना खोबरेल लावणाऱ्या मुलखात पौषातली पहाट काय करते हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं.

आनंदीबाई पुन्हा खाली बसली.

"पाचाक माझी तेलाची बाटली उपडी केली तरी थेंब पडना नाय," ती म्हणाली. "आठ वाजेपर्यंत उनात ठेवन बसतंय मी. नि ह्या तेलार तू माका घाटयेच्या उतारान नेतलंस?"

उताराचं नाव निघाल्यावर सत्यवानाने डोळ्यांपुढे तो उतार आणला. लांबलचक, आणि खाली डावीकडे खाडी. तो ट्रकमधून उतरला. दार त्याने इतक्या हळू लावलं, की हरिश्चंद्राला तो उतरल्याचं उशिरा कळलं.

"उशिरान निघूया मगे. ऊन पडल्यार," हरिश्चंद्र म्हणाला.

"आठाक हजेरी आसा, भाई," सहदेव म्हणाला. आवाज अजून ओला होता. "नि खोबरेलान आतला रबर फुगता. एक दिवस ब्रेक लागता, दुसऱ्या दिवशी लागता तो सुटना नाय. पण उपाय आसा. पुस्तकात अडीनडीक काय घालूचा ता लिवलेला आसा, सगळा आचऱ्यातच मिळता. आधी पायपी धुवन काढूक व्हयी, मगे..."

पद्मावतीने त्याच्याकडे पाहिलं. हा पुन्हा सगळं फुकट सांगून बसणार होता. तिने तिसरी वही पडवीच्या कठड्यावर ठेवली आणि स्वतः तिच्यावर बसली. थोरल्या दिरासमोर, सासूसमोर, अर्ध्या गावासमोर. जावांनी तोंडाला पदर लावले.

"आये," ती म्हणाली, "आधी लिवन देवा म्हणान सांगा."

"तू तेका काय ता सांगूक लाव, आये," केबिनमधून हरिश्चंद्र म्हणाला. "तुझो झील तो. तुझा आयकतलो."

आनंदीबाईने पानाची पिंक टाकली. हरिश्चंद्राच्या चुलीवरचं जेवण तिला आवडत होतं, पण ते जेवायला जिवंत राहावं लागतं.

"शिरा पडो तुझ्या तोंडार," ती म्हणाली. "सकाळी देवाक दोन नावां सांगलंस तेव्हाच माका बोलाक व्हया हुता. मी तिघांका जल्म दिलंय. उतर खाली नि लिव."

हरिश्चंद्र केबिनमध्ये एकटाच उरला होता. चाकावर दोन्ही हात, समोर आपला माड. इंजिन सुरूच होतं आणि सुरेख चालत होतं, पण त्याचा आता कुणाला उपयोग नव्हता. शेवटी त्याने ते बंद केलं आणि उतरला. सहदेवाने पहिली वही पुढे केली आणि शेवटचं कोरं पान उघडून दिलं. ज्या वह्या देवापुढे ठेवायला लाज वाटत होती, त्यांतल्याच एकीवर मानकऱ्याने मडगार्डाला टेकून लिहायला घेतलं. अप्पांचा ट्रक तिघांचा. हरिश्चंद्र. सत्यवान. इथे पेन्सिल थांबली. मग त्याने तिसरं नाव लिहिलं, इतक्या बारीक अक्षरात की मुंगी मेल्यासारखं दिसावं, आणि वही पडवीत टाकली.

पद्मावतीने ती उचलून दिव्याकडे धरली. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं.

"आये," ती म्हणाली, "नाव दिसना नाय. मोठा लिवा म्हणान सांगा."

हरिश्चंद्राने मोठं लिहिलं. मग ती तिसऱ्या वहीवरून उठली.